मागच्या बाकावरचा सहकारी

शाळेच्या शेरेबुकातला शेरा बहुधा एकाच वळणाचा असतो. ‘शाळेस आज भेट दिली. पट व उपस्थिती पाहिली. परिसर स्वच्छ. फलकलेखन चांगले. वाचन-लेखनात सुधारणेस वाव आहे. शुभेच्छा.’ खाली सही, तारीख, जमल्यास शिक्का. यातले एकही वाक्य खोटे नसते आणि एकही कामाला येत नाही. सुधारणेला वाव नेमका कोणत्या मुलाच्या वाचनात, जोडाक्षरात की आकलनात, हे शिक्षकाने विचारायचे नसते आणि अधिकाऱ्याने सांगायचे नसते, असा दोघांमधला जुना करारच आहे. अधिकाऱ्याची जीप फाटकाबाहेर पडली की मास्तर हुश्श करतात आणि वर्ग होता तसा पुढे चालू लागतो.

या पुस्तकाचा विषय आहे त्याच वर्गात दुसऱ्या तऱ्हेने बसण्याचा. एका शिक्षकाने दुसऱ्याच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसावे, घडते ते टिपावे, त्याच दिवशी दोघांनी त्यावर बोलावे आणि आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा जाऊन बसावे. पद्धत एवढीच. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यातल्या मराठी शाळांना तिची गरज इतरांहून जास्त आहे, असे माझे मत आहे. इथल्या मराठी शिक्षकाला तपासणारे पुष्कळ आहेत. त्याचा वर्ग पाहणारे फार थोडे.

तपासणीचा हा वारसा जुना आहे. मुंबई इलाख्यात १८५५ मध्ये सरकारी शिक्षण खाते उभे राहिले आणि त्याबरोबर इन्स्पेक्टर, डेप्युटी इन्स्पेक्टर अशी उतरंड आली. खेड्यात त्याचा ‘दिपोटी’ झाला. दिपोटी येणार म्हटल्यावर शाळा सारवली जायची, हुशार पोरे पुढच्या रांगेत यायची, न येणारी पोरे त्या दिवशी शेतावर जायची. ग्रामीण विनोदाला हा माणूस पिढ्यान्‌पिढ्या पुरला, यात नवल नाही. पण बेळगावच्या वाचकाला दिपोटी म्हटल्यावर एक वेगळे नावही आठवायला हवे. धारवाडच्या नॉर्मल स्कूलचे प्रमुख आणि पुढे बेळगाव भागाचे डेप्युटी एज्युकेशनल इन्स्पेक्टर झालेले चन्नबसप्पा कन्नड जगात आजही ‘डेप्युटी चन्नबसप्पा’ म्हणूनच ओळखले जातात. हुद्दाच नावाला चिकटला. त्या काळी या भागात सरकारी शाळा म्हणजे बरेचदा मराठी शाळा. कन्नड मुलांना कन्नडमधून शिकता यावे म्हणून त्यांनी शाळा काढल्या, पुस्तकांकडे आणि शिक्षकांच्या तयारीकडे लक्ष दिले. आपल्याकडच्या काही मंडळींना हा इतिहास अडचणीचा वाटतो. मला तो उपयोगाचा वाटतो. मुलाची भाषा समजणारा अधिकारी शाळेत आला की काय घडू शकते, याचा तो याच मातीतला दाखला आहे. आज तीच मागणी मराठी मुलासाठी करताना तो हाताशी असलेला बरा.

दुसरा दाखला पुण्याचा. ऑक्टोबर १८८२ मध्ये जोतीराव फुले यांनी हंटर आयोगाला निवेदन दिले. त्यात शेतकऱ्याच्या मुलाचे शिक्षण आहे, शिक्षकांचे पगार आहेत, आणि तपासणी व्यवस्थेवर नेमके बोटही आहे. देखरेख सदोष आणि अपुरी आहे, वर्षातून एकदा येणाऱ्या डेप्युटीचा शाळेला फारसा फायदा होत नाही, निदान दर तिमाहीला तरी शाळा पाहिली जावी आणि अधूनमधून आगाऊ सूचना न देता जावे, असे त्यांनी सुचवले. एकशे चाळीसहून अधिक वर्षे झाली. वर्षातून एकदाच्या भेटीने शिकवणे सुधारत नाही, हे त्यांचे निदान अजून खोडता येत नाही. अचानक जाण्याबद्दल मात्र मी वेगळा विचार करतो. शिक्षक शाळेत येतो का, हजेरीपट खरा आहे का, हे पाहायचे असेल तर न सांगताच जावे; फुल्यांच्या काळात तो प्रश्न तातडीचा होता आणि काही ठिकाणी आजही आहे. पण शिक्षकाला आपल्या शिकवण्यात काही बदलायचे असेल तर अचानक आलेला माणूस त्याच्या उपयोगाचा नाही. त्याने स्वतः बोलावलेला माणूस हवा. एकाच व्यक्तीने दोन्ही कामे करू नयेत.

हे मीच प्रथम म्हणतो आहे असे नाही. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने शाळांचे प्रशासन आणि शैक्षणिक मार्गदर्शन वेगळे करावे, जवळपासच्या शाळा एका माध्यमिक शाळेभोवती गुंफून शाळासंकुल करावे आणि शिक्षकांनी एकमेकांच्या मदतीने शिकावे, असे मांडले. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे, म्हणजे निपाणीहून फार लांबचे नव्हेत. स्वातंत्र्यलढ्यात बेल्लारीचा तुरुंग भोगून आल्यावर त्यांनी धारवाड जिल्ह्यातल्या उप्पिनबेटगेरीत ग्रामसेवेचे काम केले, कन्नड शिकले, आणि पुढे गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत पडले. सीमेच्या दोन्ही अंगांची खेडी आतून पाहिलेला हा माणूस होता. संकुलाची कल्पना २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पुन्हा वर काढली आहे. मधली पन्नास वर्षे ती बहुतेक कागदावरच राहिली.

कर्नाटकात तिच्या जवळ जाणारी एक गोष्ट झाली. १९९४ मध्ये सुरू झालेल्या जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाच्या पहिल्या टप्प्यात राज्यातले जे चार जिल्हे निवडले गेले, त्यांत बेळगाव होता. त्यातून गट आणि समूह साधन केंद्रे आली, आणि आपल्या बोलण्यात बीआरपी, सीआरपी ही अक्षरे रुळली. सीआरपी हा मुळात शिक्षकच. वर्गात बसून शिक्षकाला मदत करणे, महिन्याच्या समालोचन सभेत अडचणींवर चर्चा घडवणे, हे त्याचे काम ठरले होते. प्रत्यक्षात माहितीचे तक्ते, माध्यान्ह आहाराचे आकडे, गणवेश, पुस्तके आणि वरून येणारा रोजचा ‘आजच्या आज पाठवा’ यांत त्याचा दिवस संपतो. वर्गात तो येतो तेव्हा त्याच्याही हातात भरायचा तक्ता असतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही.

मराठी शाळेत याला आणखी एक पदर आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तालुका तेवढा मागे राहिला. त्या दिवसापर्यंत एकाच खात्याखाली असलेल्या चंदगडच्या आणि बेळगावच्या शिक्षकांची पाठ्यपुस्तके, प्रशिक्षणे आणि अधिकारी पुढे वेगळे झाले. इकडची मराठी पुस्तके कर्नाटक पाठ्यपुस्तक संघाची, तिकडची बालभारतीची. निपाणीला कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ, तरी कोल्हापुरातल्या कार्यशाळेत ज्या धड्यावर बोलणे होते तो धडा निपाणीच्या मुलांच्या पुस्तकात असेलच असे नाही. आणि बेळगावात किंवा चिकोडीत जे प्रशिक्षण होते ते पुष्कळदा कन्नडमध्ये. वर्ग पाहायला येणाऱ्याला मराठी येत असेल तर नशीब. येत नसेल तर तो काय पाहणार? भिंतीवरचे तक्ते, फळ्यावरचे अक्षर, मुलांची शिस्त, शिक्षकाचा आवाज. मुलाने दिलेल्या उत्तरात अर्धी समज कुठे होती, शिक्षकाने ती कुठे पकडली आणि कुठे सोडली, हे त्याच्या कानाला लागतच नाही. मग शेरेबुकात स्वच्छतेचे कौतुक येते. भाषावादावर बोलायची ही जागा नव्हे, पण वर्ग हा प्रामुख्याने ऐकण्याचा विषय आहे आणि भाषा न समजणाऱ्याने केलेले वर्गनिरीक्षण अर्ध्याहून अधिक वाया जाते, एवढे कोणत्याही पक्षाच्या माणसाला मान्य व्हावे.

म्हणून शेजारचा शिक्षक. तो मुलांची बोली जाणतो, पुस्तक तेच शिकवतो, आणि त्याच्या हातात कोणाची वेतनवाढ नाही.

मागच्या बाकावर बसून पाहायचे काय, यावर पुस्तकाचा मोठा भाग खर्च झाला आहे. बी.एड. केलेल्यांना फ्लँडर्सचे दहा रकाने आठवत असतील, दर तीन सेकंदांना खूण करायची ती तालीम. परीक्षा झाल्यावर ते कोणी पुन्हा वापरले असेल असे वाटत नाही. पण फ्लँडर्सचे म्हणणे ध्यानात ठेवण्यासारखे होते: वर्गाचा सुमारे दोन तृतीयांश वेळ कोणी तरी बोलत असते, आणि त्या बोलण्यातला दोन तृतीयांश वाटा शिक्षकाचा असतो. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने त्याहून साधी गोष्ट मोजली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात; ते तीन सेकंद थांबू लागले की उत्तरे लांबतात, आणि एरवी गप्प असणारी मुलेही बोलू लागतात. घड्याळाचा काटा पाहता येणाऱ्या कोणालाही हे मोजता येईल. आपल्या वर्गांत तर एक खास प्रश्न आहे, ‘समजलं का?’ त्यावर सगळ्या वर्गाचे एका सुरातले ‘हो ऽऽ’ येते आणि धडा पुढे सरकतो. तासाभरात तो किती वेळा आला आणि त्यानंतर एखाद्या मुलाला ‘काय समजलं ते सांग’ असे किती वेळा विचारले गेले, एवढे दोन आकडे टिपले तरी पहिल्या दिवसाचे काम झाले.

नोंद कशी असावी याचा एक नमुना, कल्पनेतला. ‘प्रश्नकौशल्य कमी पडते’ असे लिहू नये. ‘१०.४० ते १०.५५ : प्रश्न १४. पहिल्या दोन बाकांना ११. खिडकीकडच्या रांगेला एकही नाही. नऊ प्रश्नांची उत्तरे बाईंनीच पूर्ण केली. शेवटच्या बाकावरच्या मुलीने दोनदा हात वर केला, दुसऱ्यांदा अर्धाच.’ पहिले वाक्य वाचून शिक्षक दुखावतो किंवा दुर्लक्ष करतो. दुसरे वाचून तो विचारतो, ‘कोणती मुलगी?’ तिथून बोलणे सुरू होते.

पाहणाऱ्याने शिक्षकापेक्षा मुलांकडे अधिक पाहावे, हे पुस्तकात पुन्हा पुन्हा सांगितले आहे, आणि ते पुनरुक्तीचा दोष पत्करून सांगण्यासारखे आहे. निपाणी हे तंबाखूचे आणि विडीचे गाव. विड्या वळणाऱ्या घरातल्या मुलीला हजार म्हणजे किती, हे पाटीवर शिकण्याआधी कळलेले असते, कारण मजुरी हजारावर मिळते. चुकीच्या वळलेल्या विड्या बाजूला पडल्या की हजार भरत नाहीत, हेही तिने पाहिलेले असते. तीच मुलगी गणिताच्या तासाला ‘एका बागेत ९५० सफरचंदे’ या उदाहरणाशी अडते. फळ्याकडे तोंड असलेल्या शिक्षकाला ती अडलेली दिसत नाही. तिच्याशेजारी बसलेल्याला तिची बोटे बाकाखाली चालताना दिसतात. खानापूरकडे हेच काजूच्या बियांबाबत घडेल, चिकोडीत उसाच्या टनाबाबत. गणिताचे पुस्तक बदलणे आपल्या हातात नाही. पुढच्या तासाला उदाहरण बदलणे आहे.

कन्नडच्या तासाबद्दल एक सूचना मला विशेष आवडली, म्हणून तिच्यावर थोडा रेंगाळतो. २०१५ च्या कायद्याने कर्नाटकातल्या शाळांत कन्नड सक्तीचे आहे. मराठी शाळेत ते दुसरी भाषा म्हणून येते, आणि शिकवणारे शिक्षक अनेकदा कन्नड मातृभाषेचे असतात. त्यांना कुठे अडचण आहे तेच कळत नाही, कारण आपल्याला सहज येणारे दुसऱ्याला का येत नाही हे ओळखणे सगळ्यात कठीण. अशा तासाला कन्नड कच्चे असलेल्या मराठी शिक्षकाने बसावे. तो मुलांच्याच बाजूला असतो. कुठल्या वाक्यापाशी आपला धागा सुटला, कुठे हातवाऱ्यांनी कळले, कोणता शब्द मराठीतही आहे म्हणून बरे वाटले, हे तो तंतोतंत सांगू शकेल. वर सांगितलेला भाषा न समजणारा निरीक्षक आणि हा, यांत फरक काय, असे कोणी विचारील. तो न्याय द्यायला बसतो. हा न कळण्याची नोंद करायला बसतो. आणि बेळगावात कन्नड, मराठी आणि उर्दू शाळा एका आवारात नांदतात अशी ठिकाणे आहेत. तिथे याची उलट भेटही व्हावी.

आता सांगण्याबद्दल. अभिप्राय दिला की सुधारणा होतेच, हा समज चुकीचा आहे. क्लुगर आणि डेनिसी या दोन संशोधकांनी १९९६ मध्ये अभिप्रायाच्या परिणामांचे सहाशेहून अधिक निष्कर्ष एकत्र तपासले. सरासरीने फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी अभिप्रायानंतर काम आधीपेक्षा बिघडले होते. त्यांचे स्पष्टीकरण असे की बोलणे कामावरून निघून माणसाच्या ‘मी कसा आहे’ यावर गेले की लक्ष कामात राहत नाही. हे टीकेइतकेच कौतुकालाही लागू आहे. ‘तुम्ही हाडाचे शिक्षक आहात’ हे ऐकून कोणाचा भागाकार शिकवणे सुधारलेले नाही.

मग बोलावे कसे? पुस्तकातल्या एका कल्पित संवादाचा थोडा भाग इथे देतो. पाहणारे नव्याने लागलेले सर, शिकवणाऱ्या बाई ज्येष्ठ.

‘बाई, आधी तुम्हीच सांगा, तास कसा वाटला?’

‘बरा झाला की. अपूर्णांक विचारला मी सगळ्यांना, खरं मागची कोण बोललीच नाहीत.’

‘विचारल्यावर किती थांबलात, आठवतंय?’

‘थांबले असेन की थोडी.’

‘माझ्या कागदावर बघा. हे चार प्रश्न. प्रत्येकाला एक-एक सेकंद.’

बाई कागद हातात घेतात. थोड्या वेळाने म्हणतात, ‘मग पोरांनी काय करायचं सर, इतक्यात तर पेन्सिलसुद्धा सापडत न्हाई.’

तरुण माणूस ज्येष्ठ बाईंना उपदेश करत बसला असता तर चहा आटोपून दोघे उठले असते. इथे त्याने कागद पुढे केला आणि तो थांबला. एका भेटीत एकच गोष्ट, हा नियमही लक्षात घ्यावा. पाहणाऱ्याच्या कागदावर दहा गोष्टी असतील. नऊ त्याने पोटात ठेवाव्यात. पुढच्या वेळी बसताना तीच एक गोष्ट पाहावी, आणि ती कोणती हे शिकवणाऱ्याने ठरवावे. जपानमधल्या शाळांत शिक्षकांचा गट मिळून एक पाठ रचतो, एक जण शिकवतो, बाकीचे पाहतात, आणि नंतर पाठावर चर्चा होते. व्यक्तीवर होत नाही. तिथे ही रीत शंभरहून अधिक वर्षे चालत आली आहे. इतके दूर जायचे नसेल तर कोल्हापूर आहे. लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये तिथे सृजन आनंद विद्यालय सुरू केले आणि वर्गात प्रत्यक्ष काय घडते यावर मराठीत इतके लिहिले की ते या पुस्तकासोबत वाचायला हवे. शिक्षकाने स्वतःच्या वर्गाकडे कुतूहलाने पाहणे म्हणजे काय, ते त्यांच्या लेखनात दिसते.

अडचणी खऱ्या आहेत. सीमाभागातल्या कित्येक मराठी कनिष्ठ प्राथमिक शाळा द्विशिक्षकी आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाने साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक. एक जण दुसऱ्याच्या वर्गात बसला तर त्याचा वर्ग कोणाच्या भरवशावर? शिवाय तिथे एकेका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतात. पुस्तकात दोन वाटा सुचवल्या आहेत. वीस मिनिटांसाठी सगळी शाळा एकत्र बसवून एकाने गोष्ट किंवा गणिताचा खेळ घ्यावा आणि दुसऱ्याने पाहावे. नाहीतर मोबाईल खिडकीत ठेवून पंधरा मिनिटे आवाज ध्वनिमुद्रित करावा, संध्याकाळी स्वतः ऐकावा, आणि समालोचन सभेच्या दिवशी दुसऱ्या शाळेतल्या मित्राला ऐकवावा. स्वतःचा आवाज ऐकणे पहिल्यांदा फार त्रासाचे असते, हे मान्य करूनच ही सूचना केली आहे. मुलांचे चित्रीकरण करू नये, आणि हा आवाज कोणत्याही व्हॉट्सअ‍ॅप गटावर जाऊ नये, हेही तिथे ठळक सांगितले आहे.

दुसरी अडचण विश्वासाची. कागदावर जे लिहिले ते उद्या बदलीच्या वेळी, चौकशीच्या वेळी कोणाच्या टेबलावर जाणार नाही, याची खात्री नसेल तर कोणी आपला खरा तास दाखवणार नाही. सगळे तयार केलेला, घोटून घेतलेला पाठ दाखवतील, आणि दिपोटी पुन्हा मागच्या दाराने आत येईल. त्यामुळे नोंदीचा कागद शिकवणाऱ्याकडे राहतो, नक्कल कोणाकडे नाही. मुख्याध्यापकाला फक्त भेटीची तारीख आणि वेळ कळावी, असा या पुस्तकाचा आग्रह आहे. गुण, श्रेणी, तारांकने यांना इथे जागा नाही. खात्यातल्या कोणाला ही पद्धत आवडून तिचा तक्ता करावासा वाटला, तर ती तिथेच मेली असे समजावे. ही भीती मी विनोदाने लिहीत नाही.

मुख्याध्यापकांनी सुरुवात स्वतःपासून करावी. शाळेतल्या सगळ्यात तरुण शिक्षिकेला आपल्या तासाला बोलवावे, तिच्याकडून ऐकून घ्यावे आणि तिने सांगितलेली एक गोष्ट पुढच्या आठवड्यात करून दाखवावी. हे झाल्याशिवाय इतर कोणाच्या वर्गात जाऊ नये.

पुस्तक ओळीने वाचायची गरज नाही. ज्यांना सिद्धान्ताचा कंटाळा आहे त्यांनी नोंदींच्या नमुन्यांचे तिसरे प्रकरण आधी उघडावे. ते निपाणी-चिकोडीकडच्या बोलीत लिहिलेल्या मुलांच्या उत्तरांनी भरलेले आहे आणि करमणुकीचेही आहे. कन्नडच्या तासावरचे प्रकरण कन्नड शिक्षकांना मोठ्याने वाचून दाखवावे, त्यांचे आक्षेप समासात लिहून ठेवावेत. द्विशिक्षकी शाळांचे प्रकरण सर्वांत लहान आहे आणि ते तसे असू नये, अशी माझी लेखकांकडे तक्रार आहे. पुढच्या आवृत्तीत ते वाढवायचे तर त्यातला मजकूर खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या आणि निपाणीच्या कडेच्या वाड्यांवरल्या शिक्षकांकडूनच यावा लागेल.